१०००/६०००चा जोडदगड : हत्याराआधी दगडाची तयारी

पटाशी आणि हातरंधा वापरणाऱ्याने धार लावायला पहिला दगड कोणता घ्यावा? आमची शिफारस एका अंगाला १००० आणि दुसऱ्या अंगाला ६००० ग्रिट असलेल्या, पाण्यात भिजवून वापरायच्या कृत्रिम जोडदगडाची आहे. (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा: आकडा जितका मोठा तितका कण बारीक.) बोथट पटाशी घेऊन बसलं तर मऊ लाकडाचा आडवा छेद चकचकीत सोलण्याइतकी धार या एका दगडावर येते. मधे तिसरा दगड लागत नाही.

शिफारस इथेच संपवता आली असती. पण या दगडाबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्या पाहा. धार येते पण अर्ध्या तासात जाते. पटाशी सरळ न जाता लाकडातून वर येते. सहा हजारावर कितीही घासलं तरी टोकाला चकाकी येत नाही. या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा दगडात नसतं, दगडाला हत्यार लावायच्या आधी जे करायचं राहून गेलं त्यात असतं. म्हणून या परीक्षणात दगडाच्या गुणांइतकीच जागा त्या आधीच्या कामाला दिली आहे.

आधी दगड काय आहे ते पाहू. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मऊ बंधकात बसवलेले असतात. पाणी घालून पोलाद घासलं की वरचे झिजलेले कण सुटतात आणि खालचे ताजे, टोकदार कण उघडे पडतात. त्यामुळे हा दगड तेलाच्या दगडापेक्षा बराच जलद कापतो. पण ज्या कारणाने तो जलद कापतो, त्याच कारणाने तो झिजतोही जलद, आणि झिजतो तो मधे. सगळ्यात जास्त घासणं मधल्या भागावर होतं, म्हणून तिथे खोलगा पडतो. हा दोष घालवता येत नाही, फक्त वेळोवेळी दुरुस्त करता येतो. ज्याला ही दुरुस्ती नको आहे त्याने हा दगड घेऊ नये. तेलाचा दगड हळू कापतो, पण वर्षानुवर्षं आकार धरून राहतो. हिऱ्याची पट्टी, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी, तर सपाटच राहते.

ग्रिटच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. दगडावरचे आकडे बहुधा जपानी मापाचे असतात. त्या मापात १००० म्हणजे साधारण ११ ते १६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण आणि ६००० म्हणजे साधारण २ ते ३ मायक्रॉनचे. पॉलिश पेपरवर आकड्याआधी ‘पी’ असेल तर ते युरोपीय माप, आणि त्यात १०००चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा, म्हणजे जाडसर. आकडा तोच दिसतो म्हणून पेपर आणि दगड एकमेकांच्या जागी वापरले की चरे का राहिले ते कळत नाही.

दगड सपाट करणं

खोक्यातून काढलेला नवा दगड सपाट असेल असं धरून चालू नका. भट्टीत भाजताना तो किंचित वाकलेला असू शकतो, आणि वरचा थर पुष्कळदा आतल्या थरापेक्षा कडक असतो. नव्या दगडावर पहिलं पोलाद लागायच्या आधी त्याची दोन्ही अंगं घासून घ्यावीत.

१००० ग्रिटचं अंग खाली करून दगड पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. याला १० ते १५ मिनिटं लागतात. ६०००च्या अंगाला एवढं भिजणं लागत नाही, वरून पाणी शिंपडलं तरी पुरतं. जोडदगड रात्रंदिवस पाण्यात ठेवायची सवय आम्हाला पसंत नाही, कारण दोन थरांमधला चिकट सांधा सुटू शकतो. काही बारीक दगडांचा बंधक मॅग्नेशियाचा असतो. असा दगड पाण्यात मुरत ठेवला तर मऊ पडतो आणि वाळताना तडकतो. उत्पादकाच्या पत्रकात भिजवू नका असं लिहिलं असेल तर ते शब्दशः पाळा.

मग पेन्सिलने दगडावर साधारण १० मिलिमीटरच्या अंतराने आडव्या-उभ्या रेघा मारा. ८ ते १० मिलिमीटर जाडीची काच पक्क्या, सपाट टेबलावर ठेवा. तिच्यावर पाणी शिंपडून २२० ग्रिटचा वॉटर पेपर पसरा. पाण्यामुळेच तो काचेला चिकटून बसतो. आता दगड त्यावर आठाच्या आकड्यासारखा फिरवा. दोन्ही टोकांच्या रेघा आधी गेल्या आणि मधल्या राहिल्या तर मधे खोलगा आहे. शेवटची रेघ जाईपर्यंत घासा. पुष्कळ जण इथे थांबतात. थांबू नका. पुन्हा रेघा मारा आणि पाच-सहा फेऱ्या द्या. या वेळी सगळ्या रेघा एकदमच पुसट झाल्या तर दगड सपाट झाला. नाहीतर पहिल्या खेपेला रेघा दाबामुळे किंवा गाळामुळे पुसल्या गेल्या होत्या.

दगडाच्या कडा ४५ अंशांत एक-दीड मिलिमीटर मोडून घ्या. धारदार कड पटाशीला अडकली की दगडाचा टवका उडतो, आणि तो टवका पात्याखाली आला की तुमचं सहा हजारावरचं सगळं काम एका ओढीत जातं. दगड नळाखाली धरून बोटांनी चोळून धुवा. २२० ग्रिटचा एक कण ६०००च्या अंगात रुतून राहिला तर चकाकीत दर वेळी तोच चरा उमटेल आणि कारण सापडणार नाही.

दगड वापरताना हे किती वेळा करायचं? प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, आणि १०००वर सलग दहा मिनिटं काम झालं की पुन्हा. दर वेळी थोडं केलं तर मिनिटभर पुरतं. महिनाभर टाळलं तर अर्धा तास जातो आणि दगडाचा मोठा थर गाळात जातो.

आता काचेचं. काच सपाट आहे हे कशावरून? पट्टी लावून पाहावं तर पट्टी सरळ आहे हे कशावरून? दुसऱ्या पट्टीवरून म्हणावं तर तिचं काय? कुठेतरी थांबून ‘हे सपाट आहे’ असं मानून पुढे जावंच लागतं, आणि कारागिराची श्रद्धा पहिल्यांदा कामाला येते ती इथे. ती आंधळी असायची मात्र गरज नाही. आजची काच वितळलेल्या कथलावर तरंगवत ओततात, म्हणून ती मुळात सपाट निघते. बिघाड होतो तो खाली: पातळ काच उंचसखल टेबलावर ठेवून दाबली की टेबलाचा आकार घेते. म्हणून जाड काच घ्यायची आणि तिच्याखालचं टेबल पाहायचं.

ज्याला काहीच मानून चालायचं नाही त्याच्यासाठीही वाट आहे. इंग्रज यंत्र-अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोमध्ये वाचलेल्या निबंधात ती मांडली होती. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसते केले तर एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट होऊ शकतो. दोघं एकमेकांत नेमके बसतील आणि दोघंही चुकलेले असतील. पण तीन पृष्ठभाग घेऊन पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असे आळीपाळीने जुळवत गेलं तर तिघंही सपाट झाल्याशिवाय तिन्ही जोड्या जुळतच नाहीत. दर वेळी दिशाही बदलावी लागते, नाहीतर पीळ राहतो. दोन दगड एकमेकांवर घासून सपाट करणाऱ्यांना म्हणूनच आम्ही थांबवतो. ते दोन दगड एकमेकांना दुजोरा देतात, एवढंच.

पाठ आधी, धार नंतर

धार ही दोन पृष्ठभागांची भेट असते: एक उताराचा, म्हणजे तिरक्या घासलेल्या बाजूचा, आणि एक पाठीचा, म्हणजे सपाट बाजूचा. नवशिका उतारावर तासभर घालवतो आणि पाठीकडे पाहतही नाही. पाठीवर यंत्राचे चरे राहिले असतील तर ते थेट टोकापर्यंत जातात आणि धार करवतीच्या बारीक दातांसारखी होते. उतार आरशासारखा केला तरी ती तशीच राहते. ‘धार अर्ध्या तासात जाते’ या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: ते दातच आधी मोडतात.

पटाशीची पाठ हजाराच्या अंगावर पूर्ण टेकवा. निदान टोकाकडचा २० ते २५ मिलिमीटर भाग दगडावर हवा. दोन बोटांचा दाब टोकाजवळ ठेवा. मागची मूठ उचलली गेली तर टोक गोल होतं आणि झालेलं सगळं काम वाया जातं. हात अवघडला तर मूठ उचलण्यापेक्षा थांबा. वीसेक ओढींनंतर पाठ पुसून उजेडात धरा. करडा, एकसारखा रंग जिथे आला तिथे दगड लागला. जुने चरे जिथे दिसतात तिथे लागला नाही. करडा रंग धारेच्या रेषेपर्यंत, दोन्ही कोपऱ्यांसह, पोचला की हजाराचं काम झालं. मग ६०००वर तेच, चकाकी येईपर्यंत. चांगल्या घडणीच्या पटाशीला याला दहा मिनिटं लागतात, वाकड्या पटाशीला तासही लागतो. पाठीचा मागचा भाग चकाकला नाही तरी चालतं, पण धारेलगतची पट्टी सुटता कामा नये.

हे काम हत्याराच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं. ते करताना समोर काहीच फळ दिसत नाही, पटाशी अजून बोथटच असते, हात काळे झालेले असतात. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक धार या तासावर उभी राहणार आहे, हे त्या क्षणी कुणी दाखवून देऊ शकत नाही. कामावरची श्रद्धा म्हणतात ती आम्हाला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

दगडात खोलगा असताना पाठ घासली तर काय होतं तेही सांगायला हवं. खोलग्याचा साचा पाठीवर उलटा उमटतो आणि पाठ फुगीर होते. फुगीर पाठीची पटाशी लाकडावर टेकवली की मधे डोलते. खाचेची भिंत सोलताना ती सरळ खाली न जाता भिंतीपासून सुटते, आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बसवल्यावर फट दिसते. माणूस हाताला दोष देतो, नाहीतर लाकडाला. मूळ चूक दगडातल्या दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या खोलग्यात असते.

रंध्याच्या पात्याला एक सवलत आहे. त्याच्या पाठीचा टेकू लाकडाला लागत नाही, म्हणून सगळी पाठ घासत बसायची गरज नाही. अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ६०००च्या अंगाच्या लांब कडेवर ठेवा, पात्याचा मागचा भाग तिच्यावर टेकवा आणि टोक समोरच्या कडेजवळ पाच-सात ओढी द्या. साधारण अर्ध्या-पाऊण अंशाचा बारीक उतार पाठीवर बसतो आणि फक्त धारेलगतची रेघ चकाकते. पटाशीवर ही युक्ती कधीही करू नका. पटाशीची सपाट पाठ हीच तिला सरळ नेणारी पट्टी असते.

कोन

कोन मोजायला उपकरण नसेल तर पात्याची जाडी मोजा. उताराची लांबी जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा. सुमारे २.४ पट असेल तर २५ अंशांचा. ४ मिलिमीटर जाडीच्या पटाशीला ८ मिलिमीटरचा उतार म्हणजे ३० अंश, साडेनऊचा म्हणजे २५. हे भूमितीचं गणित आहे, यात अंदाज नाही.

हाताने सोलायच्या पटाशीला २५ अंश चालतात. ठोकायच्या पटाशीला ३०, आणि खोल खाचा पाडायच्या जाड पटाशीला ३० ते ३५. कमी कोनाची पटाशी ठोकणीखाली वापरली की धार दुमडते किंवा तिचे बारीक तुकडे उडतात. नेहमीच्या रंध्याचं पातं ४५ अंशांवर, उतार खाली करून बसतं. त्याला ३० अंश दिले की मागे १५ अंशांची मोकळीक राहते. उतार ३५ अंशांच्याही वर नेत गेलात तर ही मोकळीक संपत येते आणि रंधा कापायच्या ऐवजी लाकडावर घसरतो.

सगळा उतार दर वेळी घासू नका. मुख्य उतार २५चा ठेवा आणि टोकाला फक्त ३० अंशांची बारीक पट्टी द्या. पुन्हा धार लावताना तेवढीच पट्टी घासायची, म्हणजे दोन-चार मिनिटांत काम होतं. पट्टी वाढत जाऊन दीड-दोन मिलिमीटर झाली की मुख्य उतार परत मागे घ्या.

कोन धरायला बाजूंनी आवळायचा, एका चाकाचा गाइड पुरतो. इंग्लंडच्या एक्लिप्स घडणीचा गाइड असेल तर पटाशी ४० मिलिमीटर बाहेर काढली की २५ अंश, ३० मिलिमीटर काढली की ३०. रंध्याच्या पात्याला तेच आकडे ५० आणि ३८. दर वेळी पट्टी लावून मोजण्यापेक्षा लाकडाच्या फळीवर या अंतरांचे ठोकळे कायमचे चिकटवून ठेवा. हा दहा मिनिटांचा उद्योग आहे, पण त्यामुळे दर खेपेला कोन नेमका तोच येतो, आणि कोन तोच आला तर पोलाद कमी घासावं लागतं. हाताने धरून धार लावणं शिकू नये असं नाही. पण अर्ध्या अंशाने डोलणारा हात दर वेळी नवा कोन घासत असतो आणि उतार पोटासारखा फुगतो.

हजारावर बर, सहा हजारावर चकाकी

हजाराच्या अंगावर उतार घासताना कधी थांबायचं हे सांगणारी एकच खूण आहे: पाठीच्या बाजूला उलटून आलेली पोलादाची बारीक कड, जिला बर म्हणतात. बोट पाठीवरून धारेच्या दिशेने बाहेर सरकवा, धारेवर आडवं कधीच फिरवू नका. पूर्ण रुंदीभर खरखर लागली पाहिजे. एका कोपऱ्यात बर नसेल तर त्या कोपऱ्यात अजून धार पोचलेलीच नाही, मग बाकी कितीही तीक्ष्ण असो. इथेच ६०००कडे उडी मारायचा मोह होतो. ६०००चं अंग चकाकी देतं, पण न पोचलेली धार पोचवायला त्याला तासन् तास लागतील. ‘सहा हजारावर चकाकी येत नाही’ या तक्रारीचा उलगडा हाच.

बर आली की पाठ सपाट टेकवून दोन-तीन ओढी द्या, पण बर मोडायच्या मागे लागू नका. अंग बदलण्याआधी पातं, गाइडचं चाक आणि हात धुवा. ६०००वर दहा-पंधरा ओढी उताराला, तीन-चार पाठीला, पुन्हा पाच उताराला, दोन पाठीला, असं कमी करत न्या. दाबही कमी करत न्या. शेवटच्या ओढीला पात्याचं वजन पुरे. ६०००चं अंग मऊ असतं, त्यावर धार पुढे ढकलताना मूठ जरा उचलली गेली की पातं दगडात रुततं. खात्री नसेल तर फक्त मागे ओढा.

दगडावर जमणारा करडा गाळ हजारावर धुऊन टाकू नका, त्यात सुटे कण असतात आणि ते काम करतात. सुकायला लागला की थेंबभर पाणी घाला. अरुंद पटाशी, विशेषतः ६ मिलिमीटरची, एकाच रेघेत घासली की दगडात नाली पडते. ती कडेकडेने, दगडभर फिरवत घासा.

परीक्षा अंगठ्याच्या नखावर किंवा हातावरच्या केसांवर घेतली जाते. दोन्ही ठिकाणी मध्यम धारही पास होते. खरी परीक्षा पाइनसारख्या मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर. मऊ तंतू बोथट धारेखाली दबतात आणि तुटून पांढरे, खरबरीत दिसतात. नीट धार असेल तर छेद मेणासारखा चमकतो आणि पातळ, अखंड साल निघते. उजेडाची परीक्षाही विश्वासाची: धार दिव्याकडे धरली आणि टोकावर पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तिथे अजून बोथट, सपाट कड आहे. जिथे धार आहे तिथे परत येण्याजोगा उजेडच उरत नाही.

हात आणि भरवसा

बोथट पटाशीवर हाताचा भरवसा नसतो, म्हणून हात जोर लावतो. जोर लावला की पटाशी अडकते, मग एकदम सुटते, आणि समोर जे असेल त्यात जाते. पुष्कळ वेळा तो दुसरा हात असतो. तीक्ष्ण पटाशी कमी दाबात चालते, म्हणून ती थांबवताही येते. बायबलमध्ये ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात हीच गोष्ट आहे: लोखंड बोथट झालं आणि त्याला धार लावली नाही, तर जास्त जोर लावावा लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा (म्हणजे हालचाली, प्रयत्न) आणि दैव. करण म्हणजे साधन. दैव या यादीत आहे, ते कुणी नाकारलेलं नाही, पण ते पाचवं आहे. प्रार्थना करून कामाला बसणाऱ्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. मात्र प्रार्थनेला बसण्याआधी दगडावरच्या पेन्सिलच्या रेघा पुसल्या गेल्या आहेत का, हे त्यानेही पाहावं. होईल नीट, असं म्हणून बिनतयारीच्या पटाशीने खाच पाडायला घेणं याला श्रद्धा म्हणायला आम्ही तयार नाही. तो आळस आहे, आणि त्याचं मोल लाकूड चुकवतं.

हा दगड कुठे कमी पडतो

साधं कर्बयुक्त पोलाद आणि ओ-१ जातीचं हत्यारी पोलाद या दगडावर सुरेख चालतं. ए-२ पोलादात सुमारे ५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याची कार्बाइडं, म्हणजे कर्बाशी जुळून झालेले कण, कडक असतात. हजाराला तिथे दुप्पट वेळ देण्याची तयारी ठेवा आणि कोन ३० अंशांच्या खाली नेऊ नका, धारेचे बारीक टवके उडतात. ११ ते १३ टक्के क्रोमियमच्या डी-२साठी हा दगड घेऊच नका, हिऱ्याची पट्टी घ्या. कोरीवकामाच्या गोल पटाश्यांनाही हा सोयीचा नाही, सपाट दगडात नाल्याच पडतील. सागवानात सिलिका असते आणि धार लवकर जाते, म्हणून सागवानावर सलग काम करणाऱ्याला दगडाकडे वारंवार यावं लागेल. त्याला हजाराचं अंग लवकर झिजेल हे धरून चालावं.

मोडलेली धार किंवा मोठा खाचा हजारावर काढत बसू नका. तिथे २२० ते ४०० ग्रिटचं काहीतरी लागतं. विजेच्या सहाणेवर नेणार असाल तर पातं दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोकावर निळा रंग दिसला म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. तो निळा रंग पॉलिशने घालवता येतो, पण कडकपणा परत येत नाही. निळा भाग संपेपर्यंत पातं मागे घासण्याशिवाय उपाय नाही.

पाण्याचा दगड म्हणजे गंजाला निमंत्रण. काम झालं की पातं लगेच पुसा, गाइडच्या स्क्रूमधलं पाणीही, आणि मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवा. दगड सावलीत, उभा ठेवून वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला की एक अंग आधी वाळतं आणि तडा जातो. कडाक्याच्या थंडीत ओला दगड बाहेर राहिला तर आतलं पाणी गोठून तो फुटतो. बहुतेक जोडदगडांत ६०००चा थर पातळ असतो. तो दोन-तीन मिलिमीटरवर आला की दाब कमी ठेवा आणि कडांवर लक्ष ठेवा; तुटायला तिथूनच सुरुवात होते.

आमचं मत स्वच्छ आहे. लाकूडकामात साध्या पोलादाची हत्यारं वापरणाऱ्याला, पाण्याची जागा असलेल्याला आणि दर बैठकीला दगड सपाट करायची तयारी असलेल्याला याच्यापेक्षा बरा पहिला दगड आम्ही सुचवू शकत नाही. ती तयारी नसेल तर हिऱ्याच्या दोन पट्ट्या घ्या, वेग थोडा कमी मिळेल पण फसगत होणार नाही.

आणि दगड व काच या दोन्ही गोष्टींना एकदम पैसे पुरत नसतील, तर आधी जाड काच आणि २२०, ४००, १०००, २००० ग्रिटचे वॉटर पेपर घ्या. त्या पेपरांवरच पाठ, उतार, बर, चकाकी सगळं करता येतं. पेपर लवकर झिजतात एवढाच तोटा. दगड नंतर आला तरी काच तीच लागणार आहे.